डेव्हिड मॉईज: चाहते पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मॉईज म्हणजे तोच ना, ज्याने मँचेस्टर युनायटेडची वाट लावली?

तोच. स्कॉटिश फुटबॉल मॅनेजर, म्हणजे संघ निवडणारा मुख्य प्रशिक्षक. शनिवारी रात्री प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची अव्वल फुटबॉल लीग, लावून बसणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांच्या लेखी त्याची तेवढीच ओळख आहे. गंमत अशी की युनायटेडमध्ये तो पुरता एक हंगामही टिकला नाही, आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र १९८० पासून आहे. ग्लासगो, केंब्रिज, ब्रिस्टल, श्रूजबरी, डनफर्मलिन, प्रेस्टन, लिव्हरपूल, सान सेबास्तियन, संडरलंड, पूर्व लंडन. अक्षरशः बारा गावांचं पाणी प्यायलेला माणूस. त्याला दहा महिन्यांवरून जोखणं म्हणजे पानातली चटणी चाखून पंगत कशी झाली ते सांगणं. युनायटेडबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, धीर नसेल तर थेट तिथे जा.

नाव कसं उच्चारायचं?

मॉईज. ‘मोयेस’ नाही. शेवटचा ज ‘गरज’मधला.

खेळाडू म्हणून तो किती मोठा होता?

मोठा नव्हता, आणि हे त्याच्या गोष्टीत महत्त्वाचं आहे. जन्म २५ एप्रिल १९६३ चा, ग्लासगोचा. जागा सेंटर बॅकची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या भाषेत स्टॉपर. सुरुवात झोकात झाली. थेट सेल्टिक, आणि १९८१-८२ च्या लीग विजेत्या संघात नाव. पण सेल्टिककडून लीगचे सामने मिळाले फक्त २४. विशीतच कळून चुकलं की इथे आपलं बस्तान बसणार नाही.

मग १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज युनायटेडपासून जी पायपीट सुरू झाली ती ब्रिस्टल सिटी, श्रूजबरी टाउन, परत स्कॉटलंडला डनफर्मलिन, थोडे दिवस हॅमिल्टन, आणि १९९३ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड अशी चालली. ब्रिस्टलकडून १९८६ मध्ये वेम्बलीवर, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय मैदानावर, फ्रेट रोव्हर ट्रॉफी जिंकली. ही खालच्या दोन विभागांतल्या क्लबांची स्पर्धा, पण वेम्बली ती वेम्बली. प्रेस्टनबरोबर १९९५-९६ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा सगळ्यात खालचा, चौथ्या पायरीचा विभाग जिंकला. लीगचे पाचशेहून जास्त सामने खेळला. स्कॉटलंडच्या मुख्य संघाकडून एकही नाही.

उंचापुरा, लालसर केसांचा, हेडरला पक्का, पायात फारसा वेग नाही. असा स्टॉपर टिकतो तो डोक्यावर: प्रतिस्पर्धी कुठे पळणार हे त्याला आधी कळावं लागतं. प्रशिक्षणाचे पहिले अभ्यासक्रम मॉईजने बाविसाव्या वर्षी सुरू केले. त्या वयात बाकीचे गाडी कुठली घ्यायची याचा विचार करत असतात.

त्याच्या वडिलांचा उल्लेख सारखा का येतो?

कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट लागत नाही. डेव्हिड मॉईज सीनियर हे ग्लासगोतल्या ड्रमचॅपल अमॅच्युअर्स या क्लबचं काम पाहायचे. ड्रमचॅपल ही शहराच्या वायव्य टोकाची कामगार वस्ती. क्लब हौशी, पण तिथून व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेल्या मुलांची यादी लांबलचक आहे. पुढे मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर झालेले ॲलेक्स फर्ग्युसन किशोरवयात तिथेच खेळले. मॉईजही तिथेच.

असल्या क्लबात ‘मॅनेजर’ म्हणजे काय, तर जर्सी गोळा करणं, मुलांना घरून आणणं, पंच आले का बघणं. मुलगा हे पाहत वाढला. पुढे २०२३ मध्ये प्राग शहरात जे झालं त्याचं मूळ इथे आहे. त्याकडे येतोच.

प्रेस्टनमध्ये खेळता खेळता मॅनेजर कसा झाला?

जानेवारी १९९८ मध्ये गॅरी पीटर्स पायउतार झाले तेव्हा संघ तिसऱ्या पायरीवर होता आणि चौथीकडे घसरत होता. मॉईज चौतिसाचा, ड्रेसिंग रूममधलाच एक. काल ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांना आज संघातून वगळायचं, ही कसोटी सोपी नसते. त्याने घसरण थांबवली, पुढच्या हंगामात संघ प्ले-ऑफपर्यंत (वरच्या विभागात जाण्यासाठीचे बाद सामने) नेला, आणि १९९९-२००० मध्ये विभाग जिंकून वर चढवला. २००१ मध्ये तर प्रेस्टन प्रीमियर लीगपासून एका सामन्यावर होतं. कार्डिफला प्ले-ऑफ फायनल झाली आणि बोल्टनने ३-० असं लोळवलं.

याच काळात फर्ग्युसन यांनी त्याला युनायटेडमध्ये सहायक म्हणून घेण्याचा विचार केला होता. ती जागा अखेर स्टीव्ह मॅक्लारेनला मिळाली. म्हणजे २०१३ ची युनायटेडचा मॅनेजर म्हणून झालेली निवड आभाळातून पडली नव्हती, साहेबांची नजर पंधरा वर्षांपासून होती.

बचावपटू होता म्हणून त्याचे संघ रटाळ खेळतात, हे खरं का?

अर्धं खरं. त्याचा संघ आधी गोल खाणार नाही हे बघतो. दोन फळ्या जवळजवळ ठेवायच्या, मध्ये फट पडू द्यायची नाही, फ्री किक आणि कॉर्नरवर घाम गाळायचा. बघायला नेहमीच मजा येते असं नाही. मी स्वतः एव्हर्टनचे काही सामने निम्मे झोपेत पाहिले आहेत.

पण त्याच्या संघांचं आक्रमण नीट बघा. प्रत्येक चांगल्या संघात एक मिडफिल्डर सापडेल जो मागून धावत येतो आणि डोक्याने गोल करतो. एव्हर्टनमध्ये आधी टिम केहिल, मग मरुआन फेलाइनी. पूर्व लंडनच्या वेस्ट हॅममध्ये टोमास सूचेक. आणि बाजूने चेंडू टाकणारे फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू: लेटन बेन्स, ॲरन क्रेसवेल, व्लादिमिर त्सुफाल. हा योगायोग नाही. स्टॉपरला सगळ्यात जास्त छळणारा चेंडू कुठला, हे स्टॉपरलाच माहीत असतं. चेंडू बाजूने येतोय म्हणून तुम्ही तिकडे बघता, आणि धावणारा तुमच्या पाठीमागून येतो. एकाच वेळी दोन्हीकडे बघता येत नाही. मॉईजला खेळाडू म्हणून जवळपास वीस वर्षं जे सोसावं लागलं, तेच त्याने मॅनेजर म्हणून दुसऱ्यांना द्यायला सुरुवात केली, असं माझं मत.

‘लोकांचा क्लब’ हे काय प्रकरण आहे?

१४ मार्च २००२. एव्हर्टनने वॉल्टर स्मिथ यांना काढलं होतं (तेही स्कॉटिश, तेही बचावपटू) आणि संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडण्याच्या बेतात होता. पहिल्याच पत्रकार परिषदेत मॉईज म्हणाला की लिव्हरपूलच्या रस्त्यांवर भेटणारी बहुतेक माणसं एव्हर्टनची असतात, हा लोकांचा क्लब आहे. त्याच शहरातल्या शेजारच्या लाल संघाला, म्हणजे लिव्हरपूल क्लबला, एवढं झोंबलं की अजून चर्चा चालते. एव्हर्टनवाल्यांनी ते वाक्य उचललं आणि डोक्यावर घेतलं. ग्लासगोसारख्या दोन क्लबांत दुभंगलेल्या शहरात वाढलेल्या माणसाला डर्बीच्या, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या झुंजीच्या, गावात कुठली कळ दाबायची हे सांगावं लागत नाही.

एव्हर्टनमध्ये ११ वर्षं राहून एकही करंडक नाही. मग कौतुक कशाचं?

हा प्रश्न खोचक म्हणून विचारला जातो, पण रास्त आहे.

आधी आकडे. २००३ ते २०१३ या अकरा हंगामांत एव्हर्टनचे क्रमांक असे: ७, १७, ४, ११, ६, ५, ५, ८, ७, ७, ६. शेवटची सात वर्षं आठव्याच्या खाली नाही. आता हेही लक्षात घ्या की याच काळात चेल्सीत रशियन अब्जाधीश अब्रामोविच आले, मँचेस्टर सिटीत अबू धाबीचा पैसा आला, आणि एव्हर्टनकडे काय होतं, तर लाकडी खुर्च्यांचं जुनं मैदान आणि बँकेचं कर्ज.

मॉईजचं खरं कसब बाजारात होतं. केहिल मिलवॉलकडून दीड-दोन दशलक्ष पौंडांत. जोलियन लेस्कॉट वुल्व्ज्कडून घेतला आणि सिटीला कितीतरी पट किमतीला विकला. फिल जॅगिएल्का चार दशलक्षांत. मिकेल आर्तेता रेआल सोसिएदादमध्ये जम बसत नव्हता म्हणून आधी उसना आणला, मग ठेवून घेतला. आणि शेमस कोलमन! आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडून अवघ्या ६० हजार पौंडांत. तो पुढे एव्हर्टनचा कर्णधार झाला. हे प्रकरण म्हणजे जुन्या बाजारात भांडं घ्यावं आणि घरी आल्यावर ते चांदीचं निघावं.

२००४-०५ चा हंगाम तर अभ्यासक्रमाला लावावा. वेन रूनी ऑगस्टमध्ये विकला गेलेला, सगळे म्हणत होते की आता घसरण नक्की. संघाने ४५ गोल केले, ४६ खाल्ले, आणि चौथा आला. गोलफरक उणे एक असताना! त्याच वर्षी पाचव्या क्रमांकावरच्या लिव्हरपूलने इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा, जिंकली, म्हणून एव्हर्टनच्या पराक्रमाकडे कुणी पाहिलं नाही. चौथ्या क्रमांकामुळे एव्हर्टनला पुढच्या चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी मिळाली, पण तिथे स्पेनच्या व्हियारेआलने दोन्ही सामने २-१ ने जिंकले. दुसऱ्या सामन्यात डंकन फर्ग्युसनचा हेडर जाळ्यात गेला होता, पण पंच पिएरलुइजी कोलिना यांनी तो नाकारला. एव्हर्टनच्या चाहत्यासमोर हे नाव अजूनही जपून घ्यावं. तेच व्हियारेआल त्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत गेलं.

करंडकाच्या सगळ्यात जवळ तो गेला २००९ मध्ये. एफए कपच्या (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) उपांत्य फेरीत युनायटेडला पेनल्टींवर हरवलं, फायनलमध्ये लुई सहाने २५ व्या सेकंदाला गोल केला, आणि चेल्सीने २-१ ने सामना नेला. आर्तेता, जॅगिएल्का, याकुबू तिघेही दुखापतीने बाहेर होते. त्या आधारावर रडगाणं गाता येईल, पण चेल्सी त्या दिवशी सरस होती.

इंग्लंडच्या मॅनेजर संघटनेचा वर्षाचा सर्वोत्तम मॅनेजर हा मान त्याला २००३, २००५ आणि २००९ असा तीनदा मिळाला. तो सोबतचे मॅनेजरच देतात.

रूनीशी त्याचं भांडण झालं होतं ना?

कोर्टापर्यंत गेलं होतं. ऑक्टोबर २००२ मध्ये सोळा वर्षांच्या रूनीला आर्सेनलविरुद्ध मैदानात उतरवलं ते मॉईजनेच, आणि त्याने जो गोल मारला त्याने आर्सेनलची ३० लीग सामन्यांची अपराजित घोडदौड थांबली. दोन वर्षांत दोघांचं बिनसलं. रूनी युनायटेडला गेला आणि पुढे आत्मचरित्रातल्या मजकुरावरून मॉईजने बदनामीचा दावा केला. २००८ मध्ये तडजोड झाली, भरपाईची रक्कम मॉईजने एव्हर्टनच्या माजी खेळाडूंच्या मदतनिधीला दिली. पुढे २०१४ मध्ये युनायटेडने रूनीला नवा घसघशीत करार दिला, तेव्हा मॅनेजर कोण होता? मॉईजच.

आता सांगा, युनायटेडमध्ये नेमकं काय चुकलं?

बरंच काही, आणि सगळं त्याचं नव्हे.

मे २०१३ मध्ये फर्ग्युसन यांनी निवृत्ती जाहीर केली आणि वारस म्हणून मॉईजचं नाव पुढे केलं. करार सहा वर्षांचा. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानातल्या स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडला ‘निवडलेला माणूस’ अशा अर्थाचा फलक लागला. संघ विजेता होता खरा, पण बचावाची फळी म्हातारी झाली होती: फर्डिनंड पस्तिशीत, विदिच आणि एव्हरा तिशी ओलांडून पुढे, आणि गिग्जने त्याच हंगामात चाळिशी गाठली. फर्ग्युसन यांच्याबरोबर मुख्याधिकारी डेव्हिड गिलही गेले. घरातले कर्ते दोघे एकाच दिवशी गेले, आणि तिजोरीची किल्ली कुठे ते नव्यांना ठाऊक नाही, अशी अवस्था.

उन्हाळ्याच्या बाजारात मोठा खेळाडू मिळाला एकच, फेलाइनी. तोही २७.५ दशलक्ष पौंडांना, जेव्हा काही आठवडे आधी करारातल्या कलमानुसार तो चार दशलक्ष स्वस्तात मिळाला असता.

आता त्याच्या चुका. माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन, गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील या जिंकायची सवय असलेल्या मंडळींना जाऊ दिलं आणि एव्हर्टनमधली स्वतःची माणसं आणली. समजण्यासारखं आहे, पण शहाणपणाचं नव्हतं. बोलणंही सावध, लहान क्लबाला शोभणारं. जिंकायची सवय असलेल्या ड्रेसिंग रूममध्ये ‘प्रयत्न करू’ हा शब्द फार ऐकवत नाही.

आणि मग ९ फेब्रुवारी २०१४, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर तळाला असलेलं फुलहॅम. युनायटेडने त्या सामन्यात ८० च्या वर क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर येणारे चेंडू, टाकले. ऐंशी! निकाल २-२, बरोबरीचा गोल डॅरेन बेंटने जादा वेळेत केला. मला वाटतं त्याचं सगळं त्या एका दुपारी उघडं पडलं. पद्धत त्याची जुनीच होती, पण मागून धावत येणारा केहिल तिथे नव्हता. होते ते रूनी, व्हॅन पर्सी आणि नुकताच ३७ दशलक्षांना आणलेला हुआन माता, ज्यांना चेंडू पायात हवा असतो. आणि बाजूने येणारा चेंडू किती त्रासदायक असतो हे खरं असलं, तरी तोच ऐंशी वेळा आला की समोरच्या स्टॉपरचा सराव होतो.

मार्चमध्ये एका सामन्यादरम्यान मैदानावरून विमान उडालं, त्यामागे मॉईज हटावचा फलक. एप्रिलमध्ये गुडिसन पार्कवर, म्हणजे त्याच्याच जुन्या अंगणात, एव्हर्टनने २-० ने हरवलं. त्या दिवशी प्रेक्षकांत त्याच्या मागेच एकजण कोयता घेऊन यमदूताच्या वेशात बसला होता. दोन दिवसांनी, २२ एप्रिलला, नारळ मिळाला. ५१ सामन्यांत २७ विजय. हाती एकच ढाल, ऑगस्टमधली कम्युनिटी शील्ड (हंगामाच्या सुरुवातीचा एकच सामना). संघ अखेर सातवा.

तेव्हा वाटलं होतं की माणूस चुकीचा होता, बाकी ठीक आहे. त्यानंतर व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, अमोरिम होऊन गेले, आणि त्यांच्यातल्या कुणालाही लीग जिंकता आली नाही. त्याची चूक कमी होत नाही, पण तिचं वजन आता वेगळं भरतं.

स्पेनमध्ये तो वेफर्स खात होता, ती खरी गोष्ट आहे?

खरी आहे. रेआल सोसिएदादचा मॅनेजर असताना जानेवारी २०१५ मध्ये व्हियारेआलविरुद्धच्या कपच्या सामन्यात पंचांनी त्याला बाहेर काढलं. तो जाऊन प्रेक्षकांत बसला, शेजारच्याने वेफर्सची पिशवी पुढे केली, त्याने घेतले. बस. त्याच महिन्यात त्याच्या संघाने बार्सिलोनाला १-० ने हरवलं होतं, पण लोकांना वेफर्सच आठवतात. वर्षभरात तिथूनही गच्छंती.

संडरलंडबद्दल काही?

२०१६-१७. संघ शेवटचा, २४ गुण, खालच्या विभागात रवानगी. दुसऱ्याच सामन्यानंतर त्याने सांगून टाकलं की यंदा तग धरण्याचीच लढाई आहे. खरं होतं, पण मॅनेजरने ते बोलायचं नसतं. शिवाय एका महिला पत्रकाराला थप्पड बसू शकते असं तो मुलाखतीनंतर बोलला. नंतर माफी मागितली, फुटबॉल संघटनेने ३० हजार पौंडांचा दंड केला. ही त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात वाईट गोष्ट, युनायटेडपेक्षा वाईट. त्यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही.

मग वेस्ट हॅममध्ये तो पुन्हा उभा कसा राहिला?

दोनदा जाऊन. पहिल्यांदा नोव्हेंबर २०१७ मध्ये आला, संघ वाचवला, आणि हंगाम संपल्यावर क्लबने त्याचा करार वाढवला नाही. मालकांना जरा नावाजलेला माणूस हवा होता. दीड वर्षाने, डिसेंबर २०१९ च्या अखेरीस, त्याच दारात परत बोलावणं आलं. आपल्यातला कुणी मानापमान काढून बसला असता. हा गेला.

पुढच्या महिन्याभरात त्याने सूचेक आणला, स्लाव्हिया प्रागकडून. जॅरड बोवेन आणला, खालच्या विभागातल्या हल सिटीकडून. शरद ऋतूत त्सुफाल, तोही स्लाव्हियाचाच. २०२०-२१ मध्ये संघ सहावा आला, ६५ गुणांसह. प्रीमियर लीगमध्ये वेस्ट हॅमने त्याआधी कधीच एवढे गुण मिळवले नव्हते. पुढच्या वर्षी युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेची, उपांत्य फेरी. तिथे फ्रँकफर्टमध्ये हरताना चेंडू देणाऱ्या पोराच्या दिशेने रागाने चेंडू मारला आणि लाल कार्ड घेतलं. साठीला टेकलेला माणूस!

२०२२-२३ मध्ये लीगमध्ये संघ चौदावा. हाकला म्हणणारे चाहते कमी नव्हते. आणि तरीही कॉन्फरन्स लीगमध्ये, युरोपातल्या तिसऱ्या पायरीच्या स्पर्धेत, एकही सामना न हरता फायनल गाठली. ७ जून २०२३, प्रागचं मैदान, आणि मैदान कुठलं तर स्लाव्हियाचं, जिथून त्याने सूचेक आणि त्सुफालला नेलं होतं. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. बेनरामाची पेनल्टी, समोरच्या फिओरेन्तिनाची बरोबरी, मग नव्वदाव्या मिनिटाला पाकेताचा पास आणि बोवेन एकटा पळत सुटला. २-१. वेस्ट हॅमचा १९८० नंतरचा पहिला मोठा करंडक.

मॉईजने पदक काढलं आणि नव्वदीकडे झुकलेल्या वडिलांच्या गळ्यात घातलं. ड्रमचॅपलला मुलांच्या जर्सी गोळा करणारे तेच. मी त्या रात्री टीव्हीचा आवाज बंद ठेवून बसलो होतो, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून. ते दृश्य आवाजाशिवायच चांगलं होतं.

मोठ्या मैदानांवर त्याला जिंकता येत नाही, हे खरं का?

बराच काळ खरं होतं, आणि लाजिरवाणं होतं. एव्हर्टनमधल्या त्याच्या पहिल्या अकरा वर्षांत ॲनफिल्ड (लिव्हरपूल), ओल्ड ट्रॅफर्ड (युनायटेड), स्टॅमफर्ड ब्रिज (चेल्सी) आणि आर्सेनलचं घर या चार ठिकाणी लीगमध्ये एकही विजय नाही. म्हटलं जायचं, सुरीने लढायला जातो आणि समोर बंदुका असतात. मी म्हणेन, बरोबरी मिळाली तरी पुष्कळ, या हिशेबाने तो जायचा, आणि अशा हिशेबाने गेलं की बरोबरीही हातून जाते. आर्सेनलच्या घरी विजय मिळाला तो डिसेंबर २०२३ मध्ये, वेस्ट हॅमबरोबर.

आणखी बोचरी गोष्ट: ओल्ड ट्रॅफर्डवर एव्हर्टन २१ वर्षांनी जिंकलं ते डिसेंबर २०१३ मध्ये. तेव्हा मॉईज युनायटेडच्या बाकावर होता.

एव्हर्टनला तो परत का गेला?

बोलावलं म्हणून. ११ जानेवारी २०२५ ला शॉन डाइच यांच्या जागी तो आला तेव्हा संघ सोळावा, घसरणीच्या रेषेपासून एक गुण वर. हंगाम संपला तेव्हा तेरावा. फेब्रुवारीत गुडिसनवरच्या शेवटच्या डर्बीत टार्कोव्हस्कीने अगदी शेवटच्या क्षणी २-२ केलं. मे महिन्यात त्या मैदानावर पुरुष संघाचा शेवटचा सामना झाला, साउदॅम्प्टनविरुद्ध २-० ने जिंकला. ऑगस्टपासून क्लब नदीकाठच्या गोदीत बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये गेला. जुन्या वाड्याला कुलूप लावायला घरातलंच कुणी असावं, तसा तो योग.

प्रीमियर लीगमध्ये ७०० सामने पार करणारे मॅनेजर त्याच्याआधी दोनच होते: फर्ग्युसन आणि वेंगर.

त्याचा एकच सामना बघायचा तर कुठला?

दोन सांगतो. पहिला १६ मार्च २००२ चा, एव्हर्टनमधला त्याचा पहिलाच, फुलहॅमविरुद्ध. अनस्वर्थने पहिल्या मिनिटात गोल केला, थोड्या वेळात डंकन फर्ग्युसनने दुसरा. अर्ध्या तासाच्या आत ग्रेव्हसनला लाल कार्ड. उरलेला तास दहा जणांनी काढला, २-१.

दुसरा २४ नोव्हेंबर २०२५ चा, ओल्ड ट्रॅफर्ड. तेराव्या मिनिटाला एव्हर्टनच्या इद्रिसा गेयेने स्वतःच्याच संघातल्या मायकल कीनच्या थोबाडीत दिली आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. पुन्हा दहा जण, या वेळी जवळपास ऐंशी मिनिटं. ड्यूसबरी-हॉलने गोल केला, बाकीच्यांनी तो राखला. १-०. पाहुणा मॅनेजर म्हणून या मैदानावर मॉईज लीगमध्ये पहिल्यांदा जिंकला होता.